रविवारचा स्लॅब

त्या हिवाळ्यात आमच्या बिल्डिंगीतल्या प्रत्येक घराची बादली मला लांबून ओळखू यायला लागली होती. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांची निळी, कडी तुटलेली. समोरच्या काकूंची लोखंडी, चालताना किणकिण करणारी. आमची पिवळी, नवी कोरी. ही काही कुणाला असावी अशी माहिती नाही. पण सहा घरांचे संडास-बाथरूम एकाच वेळी फोडून ठेवले की माणसं पहाटे शाली गुंडाळून नगरपालिकेच्या संडासाकडे निघतात, आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघवत नाही म्हणून बादल्यांकडे बघतात. ते सगळे एकाच वेळी फोडायचे, हा निर्णय माझ्या वडिलांचा होता. सोसायटीचे सेक्रेटरी ते. त्यामुळे बाकीचे नुसते मान खाली घालून चालायचे, आम्ही भिंतीला घासून चालायचो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी अकरावीत होते. भिवंडीत तेव्हा घर म्हटलं की खाली कापडाचे लूम आलेच. आमच्याही तळमजल्यावर लूमचा मोठा गाळा होता आणि त्यावर तीन मजले. लूम दिवसरात्र चालायचे. भरून ठेवलेल्या पेल्यातलं पाणी सारखं बारीक थरथरायचं, मांडणीवरच्या ताटल्या आपोआप पुढे सरकायच्या आणि आई दिवसातून चार वेळा त्या मागे ढकलायची. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. उलट शुक्रवारी लूम बंद असले की त्या शांततेनंच जाग यायची. शुक्रवार ही आमच्या गावाची सुट्टी. रविवारी सुट्टी फक्त शाळांना, बँकांना आणि माझ्या वडिलांना, कारण ते कोर्टात हेडक्लार्क होते.

बिल्डिंगीच्या मागच्या बाजूला संडास-बाथरूम एकावर एक होते आणि ते वरपासून खालपर्यंत गळायचे. तिसऱ्या मजल्यावर कुणी आंघोळ केली की आमच्या दुसऱ्या मजल्यावर पाऊस. मी तर संडासात छत्री घेऊन जायचे. मैत्रिणींना ही गोष्ट गंमत म्हणून सांगायचे, पण त्यांतली एकही कधी घरी आली तर तिला तिकडे जाण्याची वेळ येऊ नये म्हणून जीव मुठीत धरून बसायचे. सगळ्यात खाली गाळा. तिथं विणलेल्या कापडावर पिवळे डाग पडायचे आणि लूमचे मालक वर येऊन ओरडून जायचे. ते कोकणी मुसलमान, कितीतरी पिढ्या इथलेच. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. बाबा त्यांना उलटं सुनवायचे की तुमच्या लूमच्या हादऱ्यानंच आमचे स्लॅब फुटले. दोघांचंही खरं होतं, त्यामुळे वर्षानुवर्षं काहीच झालं नाही.

मग ताईला दिवस राहिले आणि बाबांना घाई सुटली.

ताईचं सासर कल्याणला. पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारण्यासारखं काही नव्हतंच, पण बाबांनी ते फारच मनावर घेतलं. त्याला कारण होतं. बाबांचा जन्म गावाबाहेरच्या वस्तीतला. आजी बाळंत झाली तेव्हा तिला धुवायला-पुसायला पुरेसं पाणी नव्हतं. ते वरच्या आळीतून कुणीतरी लांबूनच ओतून दिलं होतं, तेही पुष्कळ वाट बघायला लावून. तट्ट्याच्या आडोशाला बाबांची पहिली आंघोळ झाली. हे आजीनं बाबांना सांगितलेलं आणि बाबांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितलेलं, की आपणच तिथं थंडीत कुडकुडत होतो असं मला वाटायचं. भिवंडीत स्वतःचं घर, घरात स्वतःचा नळ, ही त्यांची सगळ्यात मोठी कमाई होती. नातवंडाची पहिली आंघोळ आपल्या घरात, आपल्या नळाच्या पाण्यानं, नव्या पांढऱ्या लाद्यांच्या न्हाणीत व्हायला हवी, असं त्यांनी ठरवून टाकलं. ताईच्या सासरी जाऊन तसं सांगूनही आले. “आठवा लागला की पोरीला आणून सोडा. आल्यावर घर ओळखणार नाही तुम्ही.”

हे मात्र अगदी खरं झालं.

दिवाळी झाल्यावर गच्चीवर सोसायटीची मीटिंग झाली. मास्तर म्हणाले, एकेक मजला घेऊ, म्हणजे खालच्यांनी वर जायचं, वरच्यांनी खाली. बाबांना ते पटलं नाही. तसं केलं तर फाल्गुन उजाडेल, त्यांना तर जानेवारीत लेक आणायची होती. “एकदाच काय तो त्रास होऊन जाऊ दे,” ते म्हणाले. बाबांचं बोलणं कोर्टातलं, ठाम. लोकांना वाटलं, हा माणूस म्हणतो म्हणजे विचार करूनच म्हणत असेल. मलाही वाटलं.

मिस्त्री राहनाळचा होता. बाबांनी तीन-चार मिस्त्र्यांशी बोलून याला पसंत केलं, कारण हा कशालाही नाही म्हणत नसे. “सगळं एकदम फोडायचं.” “व्हय साहेब, फोडू.” “जानेवारीच्या आत.” “व्हय, व्हईल.” “माल मी समोर उभा राहून कालवून घेणार.” “बराबर हाय साहेब, तुम्ही असला की मंग चिंता न्हाय.” असा माणूस बाबांना आयुष्यात पहिल्यांदाच भेटला होता. घरात आम्ही तिघीही त्यांचं इतकं ऐकत नव्हतो.

स्लॅब कधी टाकायचा यावरून मात्र चाचा वर आले. जिन्यातच त्यांनी बाबांना गाठलं. मी कॉलेजमधून येत होते, मागे उभी राहिले.

“साहेब, ऐतवारी नका टाकू. लूम चालू असतात. जुम्म्याला टाका. मी शनिवारी पण बंद ठेवतो. दोन दिवस हलणार नाय काय.”

“शुक्रवारी मला कोर्ट आहे.”

“एक दिवस रजा घ्या.”

“आणि मिस्त्री काय टाकतोय ते बघायला मी नसलो तर? रविवारी मी स्वतः उभा राहीन.”

“अहो, पण माल ओला असताना हादरा बसला तर तो धरणार कसा?”

यावर बाबा जे बोलले ते आमच्या बिल्डिंगीत पुढं कित्येक वर्षं लोक त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवायचे. ते म्हणाले, “चाचा, जो स्लॅब पहिल्या दिवशी तुमचे लूम सोसणार नाही, तो पुढं जन्मभर काय सोसणार?”

चाचा जिना उतरून गेले. वाक्यच तसं होतं. वर आल्यावर बाबा आईला म्हणाले, “त्याला फुकट नाही पुळका आला. चालू लूमवर सिमेंटची धूळ पडली तर त्याचं कापड खराब होईल. म्हणून शुक्रवार.” तेही खरंच होतं. चाचांना कापडाचीच काळजी होती. पण शुक्रवार त्यामुळं चुकीचा ठरत नव्हता. आणि त्याहून आतली गोष्ट अशी, की बाबांना त्यांचे उपकार नको होते. दोन दिवस लूम बंद ठेवले हे चाचा पुढं कधीतरी ऐकवतील, ही धास्ती त्यांना होती. मागून घेतलेल्या गोष्टीचं त्यांना भारी वावडं. इतक्या मोठ्या शहाण्या माणसानं नुसत्या एका वारासाठी असं अडून बसावं, याचा मला आजही राग येतो.

डिसेंबर लागताच फोडाफोड सुरू झाली. सुताला खळ लावणाऱ्या सायझिंग कारखान्यांच्या चिमण्यांचा धूर थंडीमुळं वर जायचा नाही, गल्लीतच बसून राहायचा, आणि त्यात आता आमच्या सिमेंटची धूळ. मागच्या भिंतीत दाराएवढी भोकं पडली. त्यांना गोणपाटाचे पडदे लावले होते. पहाटेचं गार वारं त्यांतून थेट स्वयंपाकघरात शिरायचं. पुरुषांचं एक बरं होतं. सायझिंगच्या बाहेर गरम पाण्याचा पाइप होता, तिथं कामगारांमध्ये उभं राहून ते आंघोळी उरकायचे. आम्ही बायका घरातल्या भांडी घासायच्या मोरीत, स्टोव्हवर तापवलेल्या पाण्यानं, अंगावर साडी ठेवून कशाबशा आटपायचो. समोरच्या काकूंनी तर कमालच केली. एका रविवारी पोराबाळांना घेऊन त्या एसटीनं गणेशपुरीला गेल्या, गरम कुंडात मनसोक्त आंघोळ करून आल्या आणि संध्याकाळी आमच्या दारात उभं राहून म्हणाल्या, “सेक्रेटरींना सांगा, आज खूप दिवसांनी अंग धुतलं.” आईनं ते हसण्यावारी नेलं. दार लावल्यावर तिचं तोंड उतरलेलं होतं.

आंघोळीचं निभावत होतं. संडासाचं निभावत नव्हतं. नगरपालिकेचे संडास गल्लीच्या टोकाला. एका बाजूला बायकांची रांग, समोर पुरुषांची, मधे गटार. रात्रपाळीचे लूम कामगार त्याच वेळी सुटायचे. ज्यांना रोज खिडकीतून वरून बघायचो त्यांच्या समोर आता टमरेल घेऊन उभं राहायचं. त्यांच्या रांगेत आम्ही उपरे होतो. त्यांना आमची अडचण व्हायची आणि त्यांच्यातलं कुणी तसं बोलत नसे, याचीच जास्त लाज वाटायची.

रविवारी स्लॅब टाकला. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्ची टाकून बसले. मिस्त्रीला नारळ फोडायचा होता, बाबांनी नको म्हटलं, त्यांनी मेणबत्ती लावली, आम्ही उभं राहून बुद्धवंदना घेतली. वाळू चाळलेली, पाणी मोजून, सगळं त्यांनी डोळ्यांत तेल घालून बघितलं. खाली लूम चालू होते. ओल्या मालाच्या वर पाण्याचा पातळ थर साचला होता आणि त्यात बारीक लाटा उठत होत्या, अगदी आमच्या पेल्यातल्या पाण्यात उठायच्या तशा. मी त्या बघितल्या. बाबांनीही बघितल्या असणार, ते तिथंच बसले होते. त्यांनी मिस्त्रीला विचारलं, “ठीक आहे ना?” आणि मिस्त्री म्हणाला, “व्हय साहेब, एकदम बराबर.”

स्लॅबखालचे टेकू तीन आठवडे ठेवायचे असतात. त्यात थंडी, सिमेंट आधीच सावकाश धरत होतं. पण कल्याणहून निरोप आला, की ताईला पुढच्या आठवड्यात आणून सोडतो. लाद्या बसायच्या होत्या, नळ जोडायचे होते. बाबांनी टेकू काढायला सांगितले. मिस्त्री या वेळी जरा घुटमळला, डोकं खाजवलं, पण ‘नाही’ हा शब्द त्याच्याकडे नव्हताच.

पहिल्या मजल्याचे टेकू काढले आणि स्लॅबला मधोमध पोट आलं. कडेनं भेग पडली. आणि दुपारी, लूम ऐन जोरात असताना, खालच्या अंगाचा मोठा लपका सुटून गाळ्यात पडला, थेट एका लूमच्या बीमवर, ताण्याचं सूत गुंडाळलेल्या रुळावर. ताण्याचे हजारो धागे एका क्षणात तुटले. विणणारा बाजूला उडी मारून वाचला, त्याला खरचटलंही नाही. पण त्याची किंकाळी आम्ही वरपर्यंत ऐकली, आणि पाठोपाठ सगळे लूम एकेक करून बंद पडत गेले. शुक्रवार नसताना इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

चाचा दाढीभर धूळ घेऊन वर आले. ते समजुतीचं काही बोलतील असं वाटायचं कारण नव्हतं आणि ते बोललेही नाहीत. जिन्यात सगळी बिल्डिंग जमलेली. “मी काय बोललो होतो? जुम्म्याला टाका बोललो होतो ना? तुमचा ऐतवार माझ्या बीमवर पडला, साहेब! आदमी मेला असता माझा!”

कोर्टात भल्याभल्या वकिलांना तारीख सांगून परत पाठवणारा माणूस, पण त्या दिवशी बाबा जिन्याच्या कठड्यावरची धूळ हातानं पुसत राहिले. गर्दीत कुणीतरी पुटपुटलं, “नारळ तरी फोडायचा होता.” मला त्या माणसाचा गळा धरावासा वाटला. निदान नारळामुळं तरी नव्हतं ते.

वरचे दोन्ही स्लॅबही तसेच, हात लावला की भुगा पडत होता. सगळं पुन्हा फोडायचं, पुन्हा टाकायचं. मिस्त्री “व्हय” म्हणाला आणि दुसऱ्या कामावर निघून गेला. आणि ताई चार दिवसांवर आली होती.

कल्याणला कळवायला हवं होतं. आई रोज म्हणायची, “अहो, सांगून या त्यांना, महिनाभर थांबा म्हणावं.” बाबा “बघू” म्हणायचे. ते जाऊ शकत नव्हते. घर ओळखणार नाही म्हणून छाती काढून सांगून आलेला माणूस कुठल्या तोंडानं जाणार? ते गेले नाहीत, आणि ताई आली.

तिला सोडायला सासू-सासरे दोघे आले. ओटी भरून, हिरवी साडी नेसवून, फळांची करंडी घेऊन. त्या दुपारी माझ्या आईनं जे केलं ते आठवलं की मला आजही अंग चोरावंसं वाटतं. एरवी पाहुण्याला पोटभर खाऊ घालणारी बाई ती. तिनं त्यांना अर्धा अर्धा पेला पाणी दिलं. चहा बशीत मावेल इतकाच. जेवून जा म्हणाली नाही. पाहुण्यांना मागच्या बाजूला जायची गरज पडू नये एवढाच तिचा हिशेब होता. स्वयंपाकघराच्या दाराला तिनं चादर लावली होती आणि चादरीमागून थंडी येत होती. सासूबाईंनी एकदा तिकडं बघितलं. “काम चालू आहे वाटतं अजून?” बाबा म्हणाले, “हो, होतच आलंय.” सासरे घड्याळ बघायला लागल्यावर आम्हाला हायसं वाटलं. लेकीच्या सासरची माणसं लवकर उठली म्हणून माहेरची माणसं खूश, असा तो प्रकार.

ते गेल्यावर ताईनं चादर बाजूला केली. गोणपाट बघितलं, खाली गाळ्यापर्यंतचं भोक बघितलं. मग पोटावर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, “बरं. मग जायचं कुठं?”

चाचींनी दुसऱ्याच दिवशी निरोप पाठवला. चाचांचं राहतं घर शेजारीच, जुनं, कौलारू, मागं स्वतंत्र न्हाणीघर आणि संडास. “पोरीला इकडं पाठवा, लाजू नका,” असं चाची म्हणाल्या. आईनं पिशवी भरायलाही घेतली. बाबांनी अडवलं. “ज्याच्या बीमवर आपला स्लॅब पडला, त्याच्या घरी माझी लेक टमरेल घेऊन जाणार नाही.” आई म्हणाली, “मग कुठं जाणार?” त्यावर ते सरळ कोर्टात निघून गेले.

म्हणून ताई रांगेत उभी राहिली. आठवा महिना लागलेला, अंगावर बाबांचा स्वेटर, डोक्याला मफलर, आणि शेजारी पिवळी बादली घेऊन मी. जिना उतरतानाच तिला दम लागायचा. त्या सकाळी धुकं असं, की गटारापलीकडची पुरुषांची रांग नीट दिसत नव्हती. पुढच्या बायकांनी तिला बघून लगेच वाट दिली. त्यातली एक म्हातारी, आडदांड आवाजाची, मानकोलीकडची असावी, मायेनंच विचारायला लागली.

“कितवा गं पोरी?”

“आठवा.”

“आन् अशा थंडीत हितं? घरात संडास न्हाय?”

“काम चाललंय.”

“मंग सासूला सांगून माहेरी जायचं की गं!”

ताईनं माझ्याकडं बघितलं. मी बादलीकडं बघितलं. ताई हळू आवाजात म्हणाली, “माहेरीच आलेय, आजी.”

“माहेरी?” म्हातारीचा आवाज गल्लीभर गेला. “ह्यो माहेर हाय तुझा? आन् बाप काय करतो तुझा?”

म्हातारीच्या मनात काही वाईट नव्हतं. पण समोरच्या रांगेत एक माणूस हलला म्हणून मी बघितलं, तर तोंडावरची शाल घसरलेली, ते बाबा होते. ते आमच्या आधी घरातून निघाले होते आणि आम्हाला दिसू नये म्हणून इतका वेळ शालीनं तोंड झाकून उभे होते. ताईनंही त्यांना बघितलं. त्या दोघांची ती नजर मी बघायला नको होती. बाबा रांगेतून बाहेर पडले आणि भरलेलं टमरेल तसंच हातात घेऊन घराकडं चालू लागले.

आम्ही घरी पोचलो तेव्हा ते कोर्टाचा कोट चढवत होते. कोर्टात मात्र गेले नाहीत. मला म्हणाले, “चल माझ्याबरोबर.” एकट्यानं जायची हिंमत नव्हती म्हणून मला नेलं, हे मला कल्याणच्या एसटीत बसल्यावर कळलं.

सासूबाई दार उघडताच घाबरल्या. “काय झालं? पोरगी बरी आहे ना?”

“बरी आहे,” बाबा म्हणाले. ते आत गेले नाहीत, उंबऱ्याबाहेरच उभे. “विहीणबाई, माझ्या घरी लेकीला ठेवण्यासारखी जागा नाही. काम माझ्यामुळं बिघडलंय. तिला तुम्ही परत न्या. बाळंतपण इथंच करा.”

लेकीचा बाप पहिल्या बाळंतपणाला लेक पाठवा म्हणून सासरच्यांची मनधरणी करतो. माझा बाप लेक परत न्या म्हणून उभा होता. सासूबाई दारातून बाजूला झाल्या आणि एवढंच म्हणाल्या, “आधी आत या. चहा घ्या.” बाबांनी चहा घेतला नाही.

त्याच संध्याकाळी ताईला न्यायला ते लोक आले. ताई बाबांवर चिडली. “मला विचारलंत तरी का? मी काढले असते दिवस. सगळ्या बायका जातात तिथं.” डिंकाचे लाडू, जुन्या साड्यांची शिवलेली दुपटी, झबली, सगळं आईनं पिशवीत भरलं आणि पिशवी जावयाच्या हातात दिली. दुपट्यांचा तो ढीग तिनं गणपतीपासून शिवायला घेतला होता. ताई जिना उतरून गेल्यावर ती मोरीत जाऊन भांडी घासत बसली. घासलेलीच.

पुढचं काम मास्तरांनी बघितलं. स्लॅब शुक्रवारी टाकला, चाचांनी शनिवारीही लूम बंद ठेवले, टेकू पूर्ण मुदत राहिले. पांढऱ्या लाद्या बसल्या. पुढं कधीच एक थेंब गळला नाही. ताईला तोवर कल्याणला मुलगा झाला होता. दुसरं बाळंतपण रिवाजाप्रमाणं सासरीच व्हायचं, तसं ते झालं. म्हणजे आमच्या घरी तो प्रसंग यायचा होता तो एकदाच, आणि तो आमच्या हातून गेला. आई एसटीनं कल्याणला जाऊन तिथल्या न्हाणीत बाळाला न्हाऊ घालून यायची. पाहुणीसारखी.

नातवाच्या बारशाला आम्ही सगळे गेलो. घर माणसांनी भरलेलं. बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते, कुणी बोललं तर मान हलवत होते. सासूबाई चांगल्या मनाच्या बाई. त्यांना वाटलं, व्याह्यांना अवघडल्यासारखं होतंय, चारचौघांत त्यांचा मान राखावा. बाळाला ताईकडं देऊन त्या उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “माहेरचा हक्क कोण सोडतं हो? पण लेकीची ओढाताण नको म्हणून आमचे व्याही स्वतः दारात आले आणि म्हणाले, तुमच्याकडंच करा. असं मोठं मन असायला लागतं.”

लोकांनी माना डोलावल्या. कुणी म्हणालं, खरंय, खरंय. एका गृहस्थानं तर बाबांचा हात हातात घेतला. माझे वडील आयुष्यभर कौतुकाचे भुकेले. कोर्टात एखाद्या साहेबानं बरं म्हटलं तरी ते आठवडाभर घरी सांगत. मला वाटलं, आता तरी यांचं तोंड जरा वर होईल. बाबा खुर्चीतून उठले.

“मन मोठं नव्हतं हो,” ते म्हणाले. आवाज चढा लागला, कोर्टात पुकारा करतात तसा. “घरात संडास नव्हता. मी फोडून ठेवला होता.”

क्षणभर कुणाला काही समजलं नाही. मग त्या हात धरलेल्या गृहस्थाला हसू फुटलं, त्याच्यामागून सगळी खोली हसत सुटली. व्याही विनोदी आहेत हे त्यांना नवीनच होतं. सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. ताई हसली नाही, आई हसली नाही. बाबा कुणालाच काही समजावून सांगायला गेले नाहीत. हसणं थांबेपर्यंत ते तसेच सगळ्यांपुढं हात जोडून उभे राहिले.